अव्याघात : विचाराचे अधिष्ठान

एका वस्तूच्या ठिकाणी, एकाच काळी आणि एकाच अपेक्षेने, एखादा धर्म आहे व तोच धर्म नाही, असे संभवत नाही. यास तर्कशास्त्रात अव्याघाताचा नियम म्हणतात. घट कच्चा आहे आणि त्याच क्षणी तोच घट कच्चा नाही, असे बोलणारा पुरुष दोन गोष्टी सांगत नाही. तो एकही गोष्ट सांगत नाही. पहिल्या वाक्याने जे दिले ते दुसऱ्याने परत घेतले. नियम इतका उघड आहे की त्याचे निरूपण ते काय करावयाचे, असे वाटावे. परंतु जो सर्वांना मान्य, तोच नियम व्यवहारात वारंवार मोडला जातो, आणि मोडण्याचे प्रकार दोन आहेत. जेथे विरोध नाही तेथे तो कल्पिणे हा एक. जेथे खरा विरोध आहे तेथे तो झाकणे हा दुसरा. पहिल्याने शास्त्र बुडते, दुसऱ्याने साधक बुडतो.

प्रथम या नियमाचे प्रामाण्य कशावरून, हे पाहिले पाहिजे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने 'मेटॅफिजिक्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागात यास सर्व तत्त्वांत अत्यंत दृढ तत्त्व म्हटले आहे, आणि ते सिद्ध करता येत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. सिद्ध करावयाचे तर दुसऱ्या तत्त्वाचा आधार घ्यावा लागेल, त्यास तिसऱ्याचा. अशी अनवस्था प्राप्त होईल. मग नियम निराधार ठरला काय? नाही. जो हा नियम नाकारतो त्याने एक सार्थ शब्द उच्चारावा, एवढीच अ‍ॅरिस्टॉटलची मागणी आहे. 'मनुष्य' असे म्हणताच त्याने एक विवक्षित अर्थ स्वीकारला आणि 'मनुष्य नव्हे' हा अर्थ वगळला. अर्थात् नियम मान्य केला. आणि तो काहीच बोलणार नसेल, तर वनस्पतीशी वाद कोण करील?

येथे कोणी शंका घेईल की, मुखाने न बोलता मनात संशय ठेवला तर? याचे समाधान आचरणातून होते. मेगारा नगरास जावयाचे असता मनुष्य चालू लागतो, घरी बसून राहत नाही. वाटेत विहीर आली तर तीत पाय टाकीत नाही. विहिरीत पडणे आणि न पडणे त्याच्या लेखी सारखे नाही, हे त्याची पावलेच सांगतात. आपल्या देशातही याच जातीची युक्ती आढळते. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त संशयाची सीमा व्याघात ही ठरविली. त्यांचा विषय कार्यकारणभावाविषयीचा संशय हा होता. ज्यास धूर हवा तो अग्नी आणतो, ज्यास तृप्ती हवी तो अन्न घेतो. असे करणारा 'अग्नी धुराचे कारण आहे की नाही कोण जाणे' असे म्हणेल, तर त्याच्या बोलण्याचे खंडन त्याची कृतीच करते. बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्या'त यावर आक्षेप घेतला आणि चौदाव्या शतकात गंगेशोपाध्यायांनी 'तत्त्वचिंतामणी'त त्यास उत्तर दिले. दूरदूरच्या दोन देशांतील विचारवंतांनी वादाचा निकाल शेवटी आचरणावर सोपविला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता पहिल्या दोषाचा विचार. नियमाच्या लक्षणात तीन पदे आहेत : एक वस्तू, एक काळ, एक अपेक्षा. तिन्ही पदे जुळतील तेव्हाच विरोध. तोच पुरुष पिता आहे आणि पुत्रही आहे, कारण अपेक्षा भिन्न. तोच आंबा हिरवा होता आणि आता पिवळा आहे, कारण काळ भिन्न. दृष्टांतपाठात आणि बौद्धांच्या 'उदान' ग्रंथातही आलेला जात्यंधांचा व हत्तीचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. त्यावरून 'परस्परविरुद्ध मतेही सारी खरीच' असा अर्थ पुष्कळदा काढला जातो. तो अयुक्त आहे. पाय खांबासारखा आणि कान सुपासारखा, यांत विरोध मुळीच नाही. प्रत्येकाने 'सगळा हत्ती असाच' म्हटले तेथे विरोध उत्पन्न झाला. डोळस मनुष्य प्रत्येकाचे म्हणणे त्या त्या अवयवापुरते राखतो आणि उरलेले टाकतो. सर्वांचे सर्व मान्य करील तो डोळस नव्हे. तो आणखी एक जात्यंध होय.

जैन आचार्यांनी प्रत्येक विधानास 'स्यात्' हे पद जोडले, ते 'अमुक अपेक्षेने' हा अर्थ राखण्यासाठी. एका वस्तूत विरुद्ध धर्म असंभव, म्हणून शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात त्या मताचे खंडन केले. अपेक्षाभेद असल्याने विरोधच नाही, असे जैनांचे उत्तर आहे. या वादात नियम दोन्ही पक्षांना मान्य आहे. प्रश्न एवढाच की तिसरे पद जुळते की नाही. शास्त्रवचनांविषयीही हीच दृष्टी हवी. सूत्रपाठातील वचन कोणास, कोणत्या प्रसंगी निरूपिले हे प्रकरण पाहून अर्थ लावण्याची परंपरा याचसाठी आहे. वैद्य एकास लंघन सांगतो व दुसऱ्यास पथ्याचे अन्न देतो. रोगी न पाहता 'वैद्याचे बोलणे विसंगत' म्हणणे हा वैद्याचा दोष नव्हे.

दुसरा दोष याहून घातक आहे, कारण तो औदार्याचा वेष घेऊन येतो. 'हेही खरे, तेही खरे' असे म्हटले की कोणाशी वाद राहत नाही आणि स्वतःस काही सोडावे लागत नाही. परंतु याची किंमत काय, हे युरोपातील तार्किकांनी बाराव्या शतकापासून दाखविले आहे. समजा, 'आज पौर्णिमा आहे' आणि 'आज पौर्णिमा नाही' ही दोन्ही वाक्ये मान्य केली. पहिले मान्य असल्याने 'आज पौर्णिमा आहे अथवा समुद्र गोड आहे' हेही मान्य करावे लागते, कारण दोहोंपैकी एक तरी खरे आहेच. आता दुसऱ्या वाक्याने पौर्णिमा गेली. उरला गोड समुद्र. एक खरा विरोध पोटात घेतला की वाटेल ते सिद्ध होते. आणि ज्याने वाटेल ते सिद्ध होते, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

हा अनर्थ आवरावा म्हणून १९४८ मध्ये पोलंडच्या यास्कोव्स्कीने आणि पुढे ब्राझीलच्या न्यूटन दा कोस्टाने वेगळ्या तर्कपद्धती रचल्या, आणि काही थोडे व्याघात खरे असतात असे मानणारे विद्वानही आहेत. तथापि तेदेखील आपले मत 'असेच आहे' म्हणून मांडतात आणि ते नाकारणाऱ्याचे खंडन करतात. नागार्जुनासारख्या सर्वपक्षखंडन करणाऱ्या आचार्यानेही सत् व असत् परस्परविरुद्ध असल्याने एकत्र राहू शकत नाहीत, ही युक्ती 'मध्यमककारिके'त योजिली आहे.

विरोध न झाकणे म्हणजे काय, याचे उदाहरण जर्मनीतील गणितज्ञ गॉटलोब फ्रेग याच्या चरित्रात सापडते. अंकगणित केवळ तर्काच्या पायावर उभारावे, हे त्याचे जीवितकार्य. ग्रंथाचा पहिला खंड १८९३ मध्ये निघाला. दुसरा छापला जात असता १६ जून १९०२ या तारखेचे बर्ट्रांड रसेलचे पत्र आले. त्यातील आशय याद्यांच्या उदाहरणाने सांगता येतो. काही याद्यांत त्या यादीचेच नाव असते, काहींत नसते. ज्यांत स्वतःचे नाव नाही अशा सर्व याद्यांची, आणि तेवढ्यांचीच, एक यादी केली, तर तिच्यात तिचे नाव घालावे काय? घातले तर घालू नये असे ठरते. न घातले तर घालावे असे ठरते. फ्रेगच्या तत्त्वांतून असाच व्याघात निघत होता. त्याने पत्र दडविले नाही, शब्दांची ओढाताण केली नाही. २२ जूनला त्याने उत्तर पाठवून दोष मान्य केला आणि १९०३ मध्ये दुसऱ्या खंडास परिशिष्ट जोडून वाचकांपुढे तो स्वतः मांडला. त्याने सुचविलेली दुरुस्ती पुढे अपुरी ठरली. पण त्या परिशिष्टाचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

गौतमांच्या न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. प्रतिज्ञाविरोध त्यांतील एक. वादात दुसरा माणूस निग्रह करतो. एकांतात करणारा कोणी नसतो. तेथे साधकानेच आपला प्रतिवादी व्हावे लागते. 'मला कशाचीही आसक्ती नाही' आणि 'ही वस्तू माझीच' ही वाक्ये एकाच दिवशी, एकाच मुखातून निघाली, तर तीन पदे तपासावी. एखादे पद जुळत नसेल तर दोन्ही वाक्ये निःशंक राखावी. तिन्ही जुळत असतील तर एक सोडावे. आणि ज्यांच्यापुढे ते बोलले, त्यांच्यापुढेच सोडावे.

इत्यलम्.