थांबलेला हात



मागच्या पावसाळ्यातली एका रविवारची गोष्ट. सकाळपासून चिखलदऱ्यावर धुके उतरले होते. मिस्सा आटोपून दारात आलो तर समोरचे फाटकही दिसेना. चार-पाच वर्षांचा एक मुलगा पायरीवर बसून स्वेटरची बटणे लावत होता. वरचे बटण खालच्या काजात गेले होते. गारठा वाढत होता आणि त्याची आजी छत्री धरून खोळंबली होती. मी वाकलो आणि भराभर चारही बटणे लावून दिली. मुलाने माझ्याकडे पाहिले. बोलला काहीच नाही. शांतपणे त्याने चारही बटणे काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. आजी हसून म्हणाली, "राहू द्या ना फादर, त्याले येते. टाइम लागते, पण येते."

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. प्रीती, कर्तव्य, परोपकार यांवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. पण मदत केव्हा मदत असते आणि केव्हा आड येते, हा प्रश्न त्या पायरीवर जितका सरळ समोर आला तितका वर्गात कधी आला नव्हता. मी त्या मुलाचे काम हलके केले, की त्याच्या हातचे काम काढून घेतले? आणि खरे सांगायचे तर घाई कोणाची होती? थंडी त्याला वाजत होती, पण धीर माझा सुटला होता.

याच प्रश्नावर एका स्त्रीने आपले आयुष्य वेचले. मारिया मॉन्टेसरी 1896 साली रोममध्ये डॉक्टर झाल्या. 6 जानेवारी 1907 रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी एक घर उघडले. मुलांचे आईबाप दिवसभर मजुरीला जात. पोरे जिन्यांवर, गल्लीत हिंडत. बाईंनी त्यांना उपदेश केला नाही. त्यांच्या उंचीचे टेबल-खुर्ची, त्यांच्या हातात मावेल असा पाण्याचा जग, हलके झाडू अशी साधने दिली आणि बाजूला बसून त्या पाहत राहिल्या.

त्यांच्या साधनांत एक साधी लाकडी चौकट आहे. तिच्यावर कापडाच्या दोन पट्ट्या ताणलेल्या असतात. एकीला बटणे, दुसरीला काजे. मूल ती लावते, काढते, पुन्हा लावते. बटण चुकीच्या काजात गेले, तर शेवटी एक काज रिकामे उरते. चूक दाखवायला बाईंना ओरडावे लागत नाही, ती चौकटच दाखवते. मुलाला लाज वाटत नाही आणि चूकही लपत नाही. मोकळीक म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, असे मॉन्टेसरी शाळेविषयी शंका घेणाऱ्यांना मी सांगतो, ते यामुळेच. तिथे शिस्त असते, पण ती कामातून येते, धाकातून नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सत्याविषयी’ या ग्रंथात शिक्षकाचा प्रश्न चर्चेला घेतला. एक माणूस दुसऱ्याला खरोखर शिकवू शकतो का? त्यांनी वैद्याचा दाखला दिला. वैद्य औषध देतो, पण बरे होते ते रोग्याचे शरीर, आपल्या अंगच्या शक्तीने. वैद्य त्या शक्तीला हात देतो. तसेच शिक्षकाचे आहे. समजण्याचे काम विद्यार्थ्याच्या बुद्धीलाच करावे लागते, ते दुसरा कोणी तिच्या वतीने करू शकत नाही. देवाने प्रत्येक लेकराच्या ठायी ही ज्योत ठेवली आहे, असे आपण मानतो. मग मूल म्हणजे रिकामा माठ, आणि आपण भरणारे, हा समज कुठून आला?

इथे कोणी म्हणेल, फादर, हे सगळे बसल्या ठिकाणी सुचते. ज्या आईला सकाळी सहाला कामावर निघायचे, तिने पोराच्या चार बटणांसाठी थांबायचे कसे? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन बाईंच्या कामात शोधावे.

ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीतच राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी मॉन्टेसरींच्या विचारांवर बालशिक्षणाचे काम केले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पण परदेशी साधने महाग आणि अशा शाळा शहरी, सुखवस्तू घरांच्या, ही खंत ताराबाईंना होती. म्हणून 1945 साली त्या ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघरमधील, बोर्डीला गेल्या आणि 1957 साली कोसबादच्या टेकडीवर. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. तिलाच अंगणवाडी म्हणू लागले. महाग साधनांच्या जागी खडे, बिया, शंख-शिंपले, पाने, माती आली. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून मोठी बहीण घरी राहते, हे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली.

आधी मुलाच्या दारापर्यंत चालत जायचे आणि तिथे पोचल्यावर आपला हात आवरायचा, या दोन्ही गोष्टी या बाईंनी केल्या. आपल्यापैकी काही जण चालत जात नाहीत आणि त्याला स्वावलंबन म्हणतात. काही जण जातात, पण हात आवरत नाहीत आणि त्याला सेवा म्हणतात. मी दुसऱ्या गटातला आहे, हे बटणांनी मला सांगितले.

मेळघाटात राहून मी हेही विसरू शकत नाही की उपाशी लेकराला स्वावलंबन शिकवायचे नसते. त्याला आधी जेवू घालायचे असते, तापलेल्याला दवाखान्यात न्यायचे असते. तिथे थांबणे हे पाप ठरेल. मग ओळखायचे कसे? मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे: माझ्या मदतीनंतर या माणसाला माझी गरज कमी झाली की वाढली? जेवू घातलेले मूल उद्या खेळायला उठते. त्याची गरज कमी झाली. ज्याची बटणे रोज दुसराच लावतो, त्याची गरज वाढतच जाते. आणि आपली कोणाला तरी गरज आहे, हे सुख फार गोड असते. त्या सुखासाठी केलेली मदत ही देवाची नव्हे, आपलीच सेवा.

आपल्याकडे याचे एक रूप रोज दिसते. घरी कोरकू बोलणारे मूल बालवाडीत येते. त्याला काही विचारले की ते शब्द शोधत थांबते, आणि आपण लगेच ते वाक्य मराठीत पुरे करून टाकतो. आपल्या मते ती मदत असते. असे शंभर वेळा झाले की मूल गप्प बसायला शिकते आणि आपण म्हणतो, हे मूल मंद आहे. त्याला आधी कोरकूत बोलू द्यावे, आपणही त्याचे दोन शब्द शिकावेत. तोवर वाट पाहणे हीच तिथली माया.

प्रभू येशूने एका बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे केले, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. त्याने त्या बालकाला काही शिकवले, असे तिथे लिहिलेले नाही. शिकायचे होते ते भोवतीच्या मोठ्यांना. आणि स्वतः प्रभूही नाझरेथच्या घरात ज्ञानाने आणि शरीराने हळूहळू वाढला. पवित्र मरियेने आणि संत योसेफाने त्याला तो वेळ दिला.

येत्या आठवड्यात प्रत्येक घराने एक काम मुलाच्या हाती सोपवून पाहावे. पाणी वाढणे, चप्पल घालणे, ताट धुणे, काहीही. पाणी सांडेल, तेव्हा फडके त्याच्याच हाती द्यावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवणाऱ्यांनीही प्रश्न विचारल्यावर थोडे थांबून पाहावे.

त्या रविवारी मुलाने शेवटचे बटण लावले, उठला आणि आजीचा हात धरून धुक्यात निघून गेला. दोघेही दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभा होतो. पुढच्या मिस्साला थोडा उशीर झाला. तो कशामुळे, हे आता तुम्हाला कळले असेल.