पाठिंब्याची पत

अमेरिकेतल्या पक्षांच्या हाती तिकीट नसते. आपल्याकडे एबी फॉर्म ज्याला मिळाला तो पक्षाचा उमेदवार, आणि ज्याला मिळाला नाही तो नाराज किंवा बंडखोर. तिकडे हा अधिकार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कायद्याने काढून घ्यायला सुरुवात झाली. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी 1903 मध्ये प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदानाने निवडण्याचा, कायदा करवून घेतला. उमेदवार ठरवण्याचे काम अधिवेशनांकडून, म्हणजे व्यवहारात मूठभर पुढाऱ्यांकडून, मतदारांकडे गेले. पुढे ही पद्धत देशभर पसरली. आज डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाच्या नावावर लढायला बहुतेक ठिकाणी पक्षाची परवानगी लागत नाही. सह्या गोळा करायच्या किंवा शुल्क भरायचे आणि प्रायमरीत उतरायचे. पुढाऱ्यांना तुम्ही कितीही नकोसे असलात, तरी जिंकल्यावर पक्षाचे उमेदवार तुम्हीच.

तिकीट गेले, तरी पक्षाजवळ शब्द उरला. प्रायमरीच्या आधीच 'आमचा पाठिंबा अमुक उमेदवाराला' असे त्याला सांगता येते. कॅलिफोर्नियाने कायदा करून तेही बंद केले होते. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ती बंदी रद्द केली, कारण ती भाषणस्वातंत्र्याच्या आड येत होती. मग हा शब्द कोणाला द्यायचा, हे पक्ष कसे ठरवतो? सगळ्यांत लायक उमेदवाराला, असे पहिले उत्तर सुचते. पण खोलात गेले की वेगळेच दिसते. उमेदवाराला पारखण्याआधी पक्ष स्वतःला पारखत असतो. आपल्यात एकमत आहे का, आणि आपण बोललो तर कोणी ऐकेल का, हे त्याला आधी पाहावे लागते.

पहिला प्रश्न एकमताचा. मिनेसोटात डेमोक्रॅटांच्या राज्य अधिवेशनात पाठिंबा मिळवायला 60 टक्के प्रतिनिधींची मते लागतात. कॅलिफोर्नियातही अट 60 टक्क्यांचीच. साधे बहुमत का पुरत नाही? 51 विरुद्ध 49 असा निकाल लागला आणि तरी पाठिंबा जाहीर केला, तर मतदाराला पाठिंबा कमी आणि फूट जास्त ऐकू येते. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात डायॅन फाइनस्टाइन पंचवीस वर्षांहून अधिक काळ सिनेटर होत्या. तरी अधिवेशनात त्यांना 37 टक्के मते पडली, तर त्यांना आव्हान देणाऱ्या केविन डी लिऑन यांना 54 टक्के. साठ टक्के कोणालाच मिळाले नाहीत, म्हणून पक्ष गप्प राहिला. ते गप्प राहणे हाही निर्णयच होता. पुढे जुलैमध्ये पक्षाच्या कार्यकारिणीने डी लिऑन यांना पाठिंबा दिला, आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत फाइनस्टाइन निवडून आल्या.

इथे शंका येते. साठ टक्के एकमत होऊनही मतदार ऐकत नसतील, तर या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय? शंका रास्त आहे. मिनेसोटाच्या अधिवेशनाने 2010 मध्ये गव्हर्नरपदासाठी मार्गारेट अँडरसन केलिहर यांना निवडले. मार्क डेटन यांनी अधिवेशनाचा पाठिंबा मागितलाही नाही. ते थेट प्रायमरीत उतरले, जिंकले आणि गव्हर्नर झाले. 2018 मध्ये पाठिंबा एरिन मर्फी यांना मिळाला आणि प्रायमरी टिम वॉल्झ यांनी जिंकली. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. सुटीचा दिवस मोडून, तासन्‌तास बसून, फेरीमागून फेरी मत देणारा प्रतिनिधी हा पक्षाचा कट्टर कार्यकर्ता असतो. प्रायमरीत मत देणारा माणूस कामावरून घरी जाताना पाच मिनिटे मतदान केंद्रावर थांबतो. दोघांची आवड सारखीच असेल याची हमी नाही. अधिवेशनातले एकमत हे अधिवेशनापुरते असते. ते बाहेर किती चालेल, हा दुसरा प्रश्न.

पक्षांच्या वॉशिंग्टनमधल्या निवडणूक समित्यांना मात्र कार्यकर्त्यांच्या आवडीशी फारसे कर्तव्य नसते. सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांसाठी दोन्ही पक्षांच्या स्वतंत्र समित्या आहेत, आणि त्या विद्यमान सदस्यच चालवतात. म्हणून त्यांचा पहिला नियम आपल्या विद्यमान सदस्याला सांभाळण्याचा. जागा मोकळी असेल, तर नोव्हेंबरात कोण जिंकेल, पैसा कोण उभा करील, हे पाहायचे. हिशेब सरळ दिसतो, पण तो मतदारांच्या मनाचा अंदाज असतो, आणि अंदाज चुकतो. फ्लोरिडाचे लोकप्रिय गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी मे 2009 मध्ये सिनेटची उमेदवारी जाहीर केली, तेव्हा रिपब्लिकनांच्या सिनेट समितीने लगेच त्यांना पाठिंबा दिला. समोर होते तरुण मार्को रुबिओ. वर्षभरात वारे असे फिरले, की क्रिस्ट पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले आणि रुबिओ सिनेटर झाले. शब्द इतक्या घाईने दिल्यामुळे समितीला तो ओशाळून मागे घ्यावा लागला.

मग पक्षाचा शब्द कधी चालतो? चार राज्यशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये लिहिलेल्या 'द पार्टी डिसाइड्स' या ग्रंथाचे म्हणणे असे, की राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत पहिले मत पडण्याआधीच पक्षाचे नेते आपसांत ठरवतात आणि मतदार बहुधा त्यांच्या मागे जातात. 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हा सिद्धांत खोटा पाडला, असे सर्रास म्हटले गेले. पण त्या वर्षी रिपब्लिकन नेत्यांनी काही ठरवलेच कुठे होते? कोणी जेब बुश यांच्यामागे, कोणी रुबिओंमागे, आणि बरेचसे कुंपणावर. जो शब्द उच्चारलाच गेला नाही, तो ऐकायचा कोणी?

2020 चे डेमोक्रॅटिक उदाहरण याच्या अगदी उलट. जो बायडेन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे. त्यानंतर 26 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा दिला. राज्यातल्या प्रायमरीला तीन दिवस उरले होते. तिथे डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत, आणि क्लायबर्न त्यांच्यातलेच, दशकानुदशके ओळखीचे. मतदानानंतरच्या पाहणीत जवळपास निम्म्या मतदारांनी क्लायबर्न यांचा शब्द महत्त्वाचा ठरल्याचे सांगितले. बायडेन मोठ्या फरकाने जिंकले. दोनच दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला, आणि 3 मार्चच्या 'सुपर ट्यूसडे'ला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होते त्या दिवशी, स्पर्धेचे चित्रच पालटले. इथे सगळे एकत्र जुळून आले. सांगणारा ओळखीचा होता, ऐकणारा संभ्रमात होता, वेळ नेमकी होती, आणि एकाने तोंड उघडल्यावर बाकीचे त्याच दिशेने वळले.

जिथे शब्दाला अशी पत नसते, तिथे काही पुढारी दुसरा आधार शोधतात. न्यू जर्सीच्या बहुतेक काउंट्यांत मतपत्रिकेची मांडणीच अशी होती, की काउंटी पक्षाने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार राष्ट्राध्यक्षापासून खालपर्यंत एकाच ठळक रांगेत, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. 2024 च्या निवडणुकीत तत्कालीन गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी सिनेटसाठी उतरल्या आणि बड्या काउंट्यांचे पक्षाध्यक्ष भराभर त्यांच्यामागे गेले. खासदार अँडी किम यांनी या मांडणीविरुद्ध न्यायालय गाठले. मार्चच्या अखेरीस न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ती वापरण्यास मनाई केली. मर्फी यांनी त्याआधीच माघार घेतली होती, आणि किम सिनेटर झाले. इतकी वर्षे तिथे पाठिंब्याचे वजन म्हणून जे दिसत होते, त्यातला बराच भाग कागदाच्या मांडणीचा होता.

डेट्रॉइटची गोष्ट मराठी वाचकाला जवळची आहे. 2022 मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार उतरले, खर्चाला स्वतःचा पैसा घेऊन. शहर कृष्णवर्णीय बहुसंख्येचे. 1950 च्या दशकापासून अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, त्याचा निदान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी कायम राहिला होता. ही परंपरा टिकावी म्हणून स्थानिक नेत्यांनी एका नावावर एकजूट करायचे प्रयत्न केले, पण पाठिंबे वेगवेगळ्या उमेदवारांत वाटले गेले. नऊ जणांच्या त्या लढतीत ठाणेदार सुमारे 28 टक्के मतांवर जिंकले. त्या नेत्यांना आपापल्या मतदारांत मान नव्हता असे नाही. पण अनेक वजनदार माणसे एकाच वेळी वेगवेगळी नावे घेऊ लागली, की मतदाराला त्यातून एकही सल्ला मिळत नाही.

म्हणून कोणता उमेदवार चांगला, हा प्रश्न पाठिंबा ठरवताना शेवटी येतो. आधी आपसांत खरोखर जुळले आहे का हे पाहायचे, मग मतदार आपल्याला किती ओळखतो हे. दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर गप्प बसलेले बरे, कारण मतदाराने धुडकावलेला प्रत्येक पाठिंबा पुढच्या पाठिंब्याचे वजन कमी करतो. तिकीट देणाऱ्या पक्षाला ही चिंता नसते. त्याचे नाणे कायद्याने चालते. शब्दावर चालणाऱ्या पक्षाला मात्र दर निवडणुकीत आपली पत नव्याने मिळवावी लागते, आणि ती मिळवायची तर कधी बोलू नये हेही कळावे लागते.