जुने विमान आणि विक्रेत्याचे मौन

जुनी वस्तू विकत घेणारा तिच्याबरोबर तिचा भूतकाळही विकत घेत असतो. तो भूतकाळ पुरता सांगण्यास विक्रेता बांधलेला आहे काय, हा नीतिविचारातील फार जुना प्रश्न होय. आम्ही तो येथे वाचकांना काहीशा अपरिचित अशा वस्तूच्या निमित्ताने मांडत आहोत. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील वापरलेले छोटे जेट विमान.

कॅन्सस राज्यातील विचिटा येथील सेस्ना कंपनीच्या ‘सायटेशन’ या जेटने १९६९ साली प्रथम उड्डाण केले. त्या घराण्यातील जुनी विमाने आजही नव्या जेटच्या किमतीच्या अल्पांशात मिळतात. ही स्वस्ताई फसवी असते. आरंभीच्या सायटेशनच्या इंजिनाला साधारण ३५०० तासांनी ओव्हरहॉल लागते. मुदत भरत आली असेल, तर दोन्ही इंजिनांचा हा खर्च विमानाच्या बाजारभावालाही मागे टाकू शकतो. वयाबरोबर किंमत उतरते, देखभाल उतरत नाही. अशी खरेदी सहज विकतचे दुखणे ठरते.

म्हणूनच विमानाइतकेच मोल त्याच्या नोंदवह्यांना असते. ठरावीक आयुष्याचे भाग किती वापरले गेले, याच्या नोंदी विक्रीबरोबर नव्या मालकाकडे जाव्यात, असा तेथील नियम आहे. मोठ्या दुरुस्त्यांची कागदपत्रे ओक्लाहोमा सिटीतील सरकारी दप्तरीही पाहता येतात. पण कागद सर्वच सांगत नाहीत. नोंद न झालेले एखादे जोराचे लँडिंग, किंवा तपासणीच्या दिवशी नेमका न दिसणारा बिघाड, केवळ मालकालाच ठाऊक असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती उघडावी की नाही?

रोमन विचारवंत सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात नेमका हाच वाद आहे. घर रोगट आहे, लाकूड किडके आहे, हे फक्त मालक जाणतो. तो न सांगता घर विकतो. बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष उघड करावेत, खोटे बोलू नये, मग उरलेले मौन दोषार्ह नाही. ग्राहकाला डोळे आहेत. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विक्रेता जाणतो ते सर्व ग्राहकानेही जाणले पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे.

आम्हांस तोच कौल ग्राह्य वाटतो, मात्र आमचे कारण थोडे निराळे आहे. घराच्या व्यवहारात बहुधा दोन पक्ष दिसतात. विमानाच्या व्यवहारात तिसरा पक्ष असतो : उद्या त्यात बसणारा प्रवासी आणि ज्याच्या छपरावरून ते जाईल तो गृहस्थ. त्यांनी तपासणी केलेली नाही, किमतीत सूट घेतलेली नाही, सहीही केलेली नाही. ‘ग्राहकाने पाहून घ्यावे’ हे तत्त्व त्यांना लागू होणार कसे? दोघांनी आपसांत वाटून घेतलेली जोखीम तिसऱ्याच्या माथी मारण्याचा अधिकार कोणत्याही करारातून निर्माण होत नाही.

आणि येथेच ग्राहकाच्या मौनाचाही विचार करावा लागतो. खोल तपासणीस पैसा लागतो. शिवाय दोष सापडला तर मनात भरलेले विमान हातचे जाते. म्हणून काही ग्राहक विचारतच नाहीत. अमेरिकी नियमांनुसार विमान उड्डाणयोग्य राखण्याची मुख्य जबाबदारी मालकाची अथवा ते चालविणाऱ्याची असते. व्यवहार पुरा होताच ती नव्या मालकाकडे येते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर, ठाऊक करून घेणे टाळणाऱ्याला शोभत नाही.

विक्रेत्याने न सांगणे आणि ग्राहकाने न विचारणे ही आम्हांस एकाच अपराधाची दोन अंगे वाटतात. ज्याच्या जिवावर हा व्यवहार चालतो, तो तिसरा माणूस तेथे हजर नसतो. त्याच्या वतीने कोणी बोलायचे, तर ते या दोघांनीच.