मोदकांची यादी

डोंबिवली

चि. सोनू,

काल फोनवर तू इतकं भरभरून सांगत होतीस की मला मध्ये बोलायला फटच मिळाली नाही. मिळाली तेव्हा तुझी फोडणी करपत होती. म्हणून आज लिहायला बसले. तुझे बाबा म्हणतात, "ताई, मेसेज कर की." पण एवढं मोठं माझ्याच्याने त्या फोनवर टाइप होत नाही. मी आपली कागदावर लिहिते, तो फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्यालाच विचार, लहानपणी माझ्या वह्यांवरूनच तो अभ्यास उतरवायचा.

इकडे सगळं ठीक. पाऊस चांगला आहे, लोकल नेहमीसारख्या उशिरा आहेत, आणि माझा गुडघा पावसाच्या आधी दोन दिवस हवामानखात्याला बातमी देतो.

मंडळ काढताय हे ऐकून बरं वाटलं गं. तुझ्या स्टुटगार्टच्या त्या दोन खोल्यांत पहिल्यांदा हळदीकुंकवाला चार जणी आल्या होत्या, तेव्हा तू मला फोटो पाठवला होतास. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले होतेस. मग प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा असं सुरू झालं, मग दिवाळीचा फराळ, मग कुणाच्या आईला तिकडे आल्यावर करमेना म्हणून शनिवारचा चहा. आता म्हणतेस साठ-सत्तर माणसं होतात, खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोनदा बेल वाजवली, म्हणून यंदा गणपती हॉल घेऊन करायचा. झकास. मग मी विचारलं, अध्यक्ष कोण? म्हणालीस, ठरायचंय. चिटणीस? मी. खजिनदार? तात्पुरती मीच. हॉल कुणाच्या नावावर? माझ्याच. आणि मोदक? तेव्हा तू हसलीस, आणि मागोमाग जांभई दिलीस. ती जांभई मला रात्रभर ऐकू येत होती.

बाळा, घरी जमतो तेव्हा एक यजमान असतो, बाकीचे पाहुणे. यजमानाने राबावं, पाहुण्यांनी छान झालं म्हणावं, यात कुणाला काही गैर वाटत नाही. मंडळात यजमान नसतो, तिथे सगळेच घरचे. पण हा बदल हॉलची चावी मिळाली म्हणून आपोआप होत नाही. लोक पाहुण्यांसारखेच येत राहतात, आणि जिच्या घरापासून सुरुवात झाली ती हॉलमध्येही यजमानीणच राहते. फक्त पानं वाढतात. मला तुझी काळजी वाटते ती इथे.

तुझ्या आजोबांची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. ते संगमेश्वर तालुक्यातून येऊन गिरणीत लागले आणि लालबागला गावाच्या खोलीत राहायचे. एकच खोली, भिंतीला ओळीने ट्रंका, वर दोरीवर कपडे. पहिल्या पाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे त्यांच्या जागेवर वळकटी पसरायचे. ती खोली म्हणजेच पुढे ग्रामस्थ मंडळ, मुंबई. कुणी ठरवून काढलं नव्हतं. शनिवारी रात्री भजन व्हायचं, भजनाला जमलेले लोक गावाकडच्या पत्रांचं वाचन करायचे, पत्रात कुणाचं छप्पर उडालेलं असायचं, मग टोपी फिरायची. टोपी वरचेवर फिरू लागली तेव्हा पेटी आली. पेटी आली म्हणून वही आली. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाऊन नोंदणी करणं हे फार पुढचं. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी, म्हणजे राहायच्या सामाईक जागा, त्याही अशाच: एकेका गावाची एकेक, बोटीवरचे खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरायचे, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी हजर राहायचं हा नियम. परक्या शहरात माणूस आधी पाठ टेकायला जागा आणि आपल्या चवीचं जेवण शोधतो. मंडळ, घटना, अध्यक्ष हे सगळं त्यानंतर येतं.

आजोबा बरीच वर्षं खजिनदार होते. ती वही मी पाहिली आहे, लाल कापडी बांधणीची, उभी, दुकानदार वापरतात तशी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. "नारळ", "पेट्रोमॅक्सची जाळी", "मृदंगाची शाई", "एसटी भाडे, आजारी इसम". महिन्यातून एका शनिवारी भजन संपलं की वही मोठ्याने वाचली जायची. नारळसुद्धा वाचला जायचा. कुणी वर्गणी थकवली ते मात्र वाचायचं नाही, तो माणूस बाहेर पडताना आजोबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून गॅलरीत घेऊन जायचे. पेटीला दोन कुलपं होती आणि दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या वाड्यांतल्या माणसांकडे. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं, मुद्दामच तसे निवडलेले! १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि महिने उलटले तरी मिटेना, तेव्हा त्याच पेटीतून कितीतरी जणांना गावी जायचं भाडं मिळालं. कुणाला किती दिले यावरून वाद झाला नाही, कारण हिशेब ऐकायची सवय सगळ्यांना आधीपासून होती.

आता वहीत काय नव्हतं ते सांगते. आजीचं नाव नव्हतं. भजनाला बाहेरून मंडळी आली की वीस-पंचवीस माणसांचा चहा आणि पिठलंभात तिच्या चुलीवर व्हायचा. तांदूळ मंडळाचे असायचे, ते वहीत आहेत. तिचे हात कुठेच नाहीत. गिरणगावात हजारो कामगार ज्यांच्या हातचं जेवून पाळ्या करत होते त्या खानावळवाल्या बायकाही अशाच होत्या. बिनहिशेबी राबायच्या, आणि सावकाराच्या हातात सापडायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे बँकेच्या दारात त्यांना कुणी उभं केलं. आमच्या खोलीतल्या कर्त्या पुरुषांना ते आधी सुचलं नाही. ते वाईट नव्हते, जेवण वेळेवर ताटात येत होतं ना!

म्हणून सांगते, पहिल्या सभेत पैशांच्या हिशेबाबरोबर कामाचाही हिशेब लिहा. कुणी किती तास दिले, कुणाच्या घरी भांडी घासली, विमानतळावर नव्या मुलाला आणायला कोण गेलं. ते वाचून दाखवा. ऐकताना दोन माणसांचे कान लाल होतील, होऊ देत.

तिकडचे कायदे तू सांगितलेस ते मी बाबांकडून पुन्हा समजून घेतले. नोंदणीकृत संस्थेला, तुमच्या त्या फेराइनला, सुरुवातीला निदान सात सभासद लागतात, आणि संख्या पुढे तिनाच्या खाली गेली तर तिचा नोंदणीकृत संस्थेचा दर्जा काढून घेतला जातो. कोर्टाच्या नोंदवहीत नाव चढतं. हे सात नुसते आकडा पुरा करायला आणलेले नकोत, काम करणारे सात हवेत. आणि दुसरं जे बाबा म्हणाले त्याने माझी झोप उडाली: मंडळाची नोंदणी झालेली नसताना त्याच्या नावाने जो करारावर सही करतो, तो स्वतः जबाबदार धरला जातो. म्हणजे हॉलची खुर्ची मोडली, पडदा जळला, तर बिल तुझ्या एकटीच्या पत्त्यावर. सोनू, असली सही एकटीने करायची नाही. तुझ्याबरोबर आणखी दोघांची घे, आणि विम्याचं काय ते हॉलवाल्यांना विचार. लाजायचं काही कारण नाही, जर्मन लोकांना असे प्रश्न आवडतात असं तूच म्हणतेस.

करसवलतीचंही तसंच. नुसतं जमून खाणंपिणं, गप्पागोष्टी, याला तिथलं करखातं सार्वजनिक हिताचं काम मानत नाही. संस्कृती, शिक्षण असा काही उद्देश हवा, आणि खाणंपिणं त्याच्या मागे. मला हे ऐकून हसू आलं, कारण आपल्याकडे नेहमी उलटंच असतं, आधी बटाटावडा, मग व्याख्यान. पण त्या निमित्ताने का होईना, तुम्हाला बसून विचार करावा लागेल की आपण जमतो कशासाठी. गाणी लावणार असाल तर संगीताच्या हक्कांची जी संस्था आहे, गेमा, तिला आधी कळवावं लागतं. ढोल वाजवायचा तर रात्री दहाच्या आत आवरा. आणि विसर्जन टबात करा. नेकार नदीत विनापरवाना काही सोडायच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या आधी हे सगळं कितीजणांनी केलं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. अमेरिकेने १९६५ मध्ये कायदा बदलला, त्याआधी भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना तिथे कायमचं राहायला घेत. मग डॉक्टर-इंजिनियर गेले आणि शिकागोचं मंडळ १९६९ मध्ये उभं राहिलं. अशी गावोगावची मंडळं वाढत गेली तेव्हा त्यांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये झालं, दोन-दोन वर्षांनी त्यांची मोठी अधिवेशनं होतात. आणि तुमचं स्टुटगार्ट तर १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे! तिथल्या महापालिकेत कुणाला तरी जाऊन भेटा. या नात्याच्या निमित्ताने तुम्हाला हॉल, निदान ओळख तरी मिळेल. हे काम मात्र तू करू नकोस, ज्याला अध्यक्ष व्हायचंय त्याला पाठव. अध्यक्ष कसा निघतो तेही कळेल.

एक गोष्ट मला जरा अवघड वाटते, पण लिहितेच. आमची ती गावाची खोली गावाची म्हणत, तरी सगळ्या गावाची नव्हती. बौद्धवाडीतल्या लोकांची खोली वेगळी होती, आणि गिरणीत विणकामाच्या खात्यात त्यांना कितीतरी वर्षं शिरू दिलं नाही. तेच लोक, तीच बोली, तोच शिमगा, पण पेटी वेगळी. तुमच्याकडे तसं नाही म्हणतेस. तरी एकदा बघ, त्या साठ-सत्तर माणसांत पुण्या-मुंबईबाहेरची किती आहेत. वऱ्हाडातला मुलगा बोलायला लागला की कुणी हसतं का? ज्यांच्याकडे गणपती नसतो ते येतात का, की त्यांना बोलवायचं सुचतच नाही? आणि जो काल-परवा विद्यार्थी म्हणून आला, ज्याला वर्गणी जड जाते, त्याला दारात पावतीपुस्तक दाखवू नका. त्याला खुर्च्या लावायला सांगा, तो खुशीने लावेल, आणि पुढच्या वर्षी तोच चिटणीस होईल. लहान कंपूची एक खोड असते. जे पहिल्या हळदीकुंकवाला होते, त्यांना वाटतं मंडळ आपलं, बाकीचे आले ते आपल्यामुळे. तुझ्या मैत्रिणींचं काही चुकत नाही, पण पुढच्या वर्षी समितीत निम्मी नवी नावं असतील असं आताच घटनेत लिहून टाका. मागाहून लिहायला गेलं की दुखतं.

भांडणं होतील. होणारच. कांदा-लसूण चालेल की नाही, नाटक की ऑर्केस्ट्रा, गेल्या वर्षीची आरतीची थाळी कुणाकडे आहे. आपल्या लालबागच्या मंडळात एकदा टाळांच्या जोडीवरून दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत, आणि तरी दर शनिवारी दोघं येऊन शेजारी बसत होते. अशा वेळी तू मध्ये पडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, सगळ्यांचं समाधान होईपर्यंत तुला जेवण जात नाही. लहानपणी भातुकलीतसुद्धा सगळ्या बाहुल्या जेवल्याशिवाय तू जेवायची नाहीस, आणि तोवर खरा भात निवून जायचा. तुला नोकरी आहे, जर्मनची परीक्षा आहे, आणि त्या हिवाळ्यात साडेचारलाच सूर्य मावळतो तेव्हा तुला मनाने उभं राहायचं असतं. मंडळ त्यासाठीच आहे की नाही? तुलाही एखाद्या शनिवारी पाहुणी म्हणून जाऊन, आयतं खाऊन, भांडी न घासता घरी येता आलं पाहिजे. तुझ्यावाचून एक कार्यक्रम होऊ दे. दिवाळीपर्यंत हे व्हायला हवं. तू तेव्हा इकडेच ये ना! तुझ्या बाबांशी मी तिकिटाचं बोलले आहे, तो नाही म्हणाला नाही.

शेजारच्या काकूंची सून पुढच्या महिन्यात फ्रँकफुर्टला जाते आहे. तिच्याबरोबर तांदळाची पिठी पाठवते, आंबेमोहोराची, घरी दळलेली. उकड काढताना पाण्यात चमचाभर तूप आणि मीठ घाल, पारी तडकत नाही. पिठी सगळी स्वतःकडे ठेवू नकोस, सहा घरांत वाटून टाक आणि प्रत्येकीला, प्रत्येकालाही, एकवीस-एकवीस मोदक सांग. पुरुषांना कळ्या पाडता येत नाहीत म्हणे. तुझ्या आतोबांना येतात, मीच शिकवल्या.

घटनेचा मसुदा झाला की मराठीत पाठव, मी वाचते. हॉलचा करार अजून सही केला नसशील तर थांब, केला असशील तर उद्याच त्या दोघांना गाठ. आणि मोदकांची यादी पाठव. तुझं नाव त्यात एकदाच असावं.

तुझी,
आत्या