वडिलाचा हक्क आणि धाकट्याची वाट

आधार : उत्पत्ति १३ : ५–१८, मत्तय २० : १–१६



पालघर, बोईसर व तारापूर या भागांतील आमच्या मंडळ्यांत शेती व मासेमारी यांच्या जोडीला वाहन चालविणें हा आतां कित्येक कुटुंबांच्या निर्वाहाचा धंदा झाला आहे. कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांचा माल वाहतो, कोणी एस्. टी. चालवितो, कोणी घरोघर गॅसच्या टाक्या पोंचवितो, कोणी टेंपोंतून अगर दुचाकीवरून पार्सलें वाटीत चिंचणीपासून मनोरपर्यंत हिंडतो. अशा प्रत्येकाची एक ठरलेली वाट असते; चालक लोक तिला 'लाईन' म्हणतात. ही लाईन कोणाला मिळावी, आणि एकाची लाईन दुसऱ्यानें कोणत्या हक्कानें घ्यावी, या प्रश्नावरून भावाभावांचीं मनें कलुषित होतात, व तें कालुष्य रविवारीं उपासनेंतहि येऊन बसतें. म्हणून ह्या विषयाचा देवाच्या वचनाच्या प्रकाशांत विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

लाईन जाणें ही लहान गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. ज्यानें चारपांच वर्षें एकच वाट चालविली, त्याला पावसाळ्यांत कोणत्या मोरीवरून पाणी वाहतें तें ठाऊक असतें. कोणत्या पाड्यावर गाडी वळविण्यास जागा नाहीं, कोणत्या कारखान्याचें दार जेवणाच्या सुटींत उघडत नाहीं, कोणत्या घरची म्हातारी एकटी असून टाकी चुलीपाशीं नेऊन द्यावी लागते, हें सर्व त्याच्या मनांत लिहिलेलें असतें. ह्या ज्ञानामुळें तो दिवस मावळण्यापूर्वीं काम उरकून घरीं येतो व मुलांबाळांसह प्रार्थनेस बसतो. नवीन वाटेवर त्याच कामाला त्याला रात्र होते. आणि ज्याची मजुरी नगावर असेल त्याच्या पदरीं पैसाहि कमी पडतो. शिवाय वाटेवरच्या माणसांचा लोभ जडलेला असतो, तो तुटतो. तेव्हां ज्याची लाईन गेली त्याच्या दुःखाला हसूं नका.

ही अडचण केवळ आपल्याच भागांतली नव्हे. अमेरिकेंत १९०७ सालीं स्थापन झालेली यूपीएस् नांवाची पार्सलें पोंचविणारी मोठी कंपनी आहे. तिचे चालक १९०३ सालीं स्थापन झालेल्या टीमस्टर्स नामक संघाचे सभासद आहेत. ह्या संघानें २०२३ सालीं कंपनीशीं केलेला करार सुमारें ३,४०,००० कामगारांस लागू आहे. तेथें पुष्कळ आगारांत अशी रीत आहे कीं, लाईन रिकामी झाली म्हणजे तिची यादी लावितात. ज्याची नोकरी सर्वांत जुनी, त्यानें प्रथम आपलें नांव घालावें, मग त्याच्या खालच्यानें, आणि अगदीं शेवटच्यानें उरेल तें घ्यावें. वरच्याचें काम मोडलें, तर कांहीं ठिकाणीं तो आपल्याहून धाकट्याच्या जागेवर हक्क सांगतो. तो धाकटा आणखी खालच्याला सरकवितो. शेवटचा मनुष्य आज ह्याच्या रजेवर व उद्यां त्याच्या रजेवर बदली म्हणून फिरतो.

आपल्याकडेहि याचें प्रतिरूप दिसतें. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणें २०१८ सालीं संगणकाच्या द्वारें झाल्या. अवघड क्षेत्रांत तीन वर्षें काम केलेल्यांस शाळा निवडण्याचा अधिकार मिळाला, आणि ज्याची शाळा दुसऱ्यानें निवडली त्याला जागा सोडावी लागली. लोकांनीं ह्याला खेळांतला शब्द लाविला : अमक्याला 'खो' मिळाला. एस्. टी.च्या आगारांत कामगिऱ्यांचें आळीपाळीचें पत्रक असतें, म्हणजे तेथें फेरपाळीचें तत्त्व आहे. परंतु ठेकेदाराच्या हाताखालीं जे आमचे पुष्कळ बंधु राबतात, त्यांच्यापुढें यादीहि नसते व पाळीहि नसते. सकाळीं मुकादमाच्या मनांत येईल तो त्या लाईनीवर जातो.

आतां वचनाकडे वळूं.

पहिली गोष्ट ही कीं, व्यवस्था देवाला अप्रिय नाहीं. पक्षपात त्याला अप्रिय आहे. नोकरीच्या वर्षांवरून क्रम लावण्याची चाल कां पडली, याचा विचार करा. जेथें क्रम नसतो, तेथें जो मुकादमाच्या घरीं भाजी पोंचवितो त्याला चांगली वाट मिळते, आणि जो मान ताठ ठेवितो त्याला खड्ड्यांची वाट मिळते. वर्षें मोजणें कोणालाहि येतें. त्यांत जात, गोत, धर्म व वशिला यांना शिरकाव नाहीं. आपल्या देशांतील १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जें कलम घालण्यांत आलें, त्याचाहि हाच हेतु होता कीं, कामगार कमी करणें झाल्यास सामान्यतः शेवटीं आलेल्याला आधीं काढावें, मालकाच्या नावडत्याला नव्हे. धर्मांतर केल्यामुळें ज्यांना मागें लोटण्यांत आलें आहे, त्यांनीं तर अशा निःपक्षपाती क्रमाचें मोल अधिकच जाणलें पाहिजे.

पवित्र शास्त्रांत शिलो येथें यहोशवानें उरलेल्या वंशांस भूमि वांटून दिली, ती सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून. सलाफहादाच्या मुलींनीं आपल्या वतनाविषयीं मोशेपुढें उघडपणें दाद मागितली, आणि त्यांचें म्हणणें यथार्थ आहे असा निर्णय देवानेंच दिला. यरुशलेमेच्या मंडळींत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वांटणींत उपेक्षा होऊं लागली, तेव्हां प्रेषितांनीं कुरकुरणाऱ्यांस दटाविलें नाहीं. सात माणसें नेमून व्यवस्था लाविली. यावरून दिसतें कीं, न्याय्य गाऱ्हाणें सांगणें हें पाप नव्हे. जेथें यादी नाहीं तेथें चारचौघांनीं मिळून, सभ्य शब्दांत, उघड दिवसा, यादी लावा म्हणून मागावें. आपला ख्रिस्ती भाऊ तेवढा पुढें यावा म्हणून मागूं नये, कारण तो दुसरा पक्षपात होईल. सर्वांसाठीं मागावें.

दुसरी गोष्ट : हक्क असणें वेगळें, आणि तो प्रत्येक वेळीं शेवटल्या दाण्यापर्यंत वसूल करणें वेगळें. अब्राम चुलता होता, लोट पुतण्या होता. देवाचें पाचारण अब्रामास झालेलें होतें. लोट त्याच्या मागोमाग आलेला. गुरें वाढलीं, चारा पुरेना, आणि दोघांचे गुराखी भांडूं लागले. शास्त्र मुद्दाम सांगतें कीं, त्या वेळीं कनानी व परिज्जी त्या देशांत राहत होते. म्हणजे परक्यांच्या डोळ्यांदेखत देवाच्या दोन सेवकांच्या घरांत तंटा माजला होता. अशा वेळीं निवडीचा पहिला मान जगाच्या रीतीनें वडिलाचा. पण अब्रामानें काय केलें? आपण भाऊबंद आहों, आपल्यांत तंटा नसावा, असें सांगून त्यानें पुतण्यालाच आधीं निवडूं दिलें; तूं डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, अशी त्याची बोली होती.

ज्यांची नोकरी जुनी आहे अशा बंधूंनो, हें तुमच्यासाठीं लिहिलेलें आहे. तुम्हीं उन्हापावसांत वर्षें काढिलीं. आतां गुडघे दुखतात, डोळ्यांना रात्रीं कमी दिसतें, म्हणून जवळची सोपी वाट घ्यावीशी वाटली तर ती घ्या, त्यांत दोष नाहीं. परंतु निवडण्यापूर्वीं एक विचारा : ही वाट आम्हांस गरजेची आहे, कीं केवळ धाकट्याच्या हातीं चांगली दिसते म्हणून हवीशी वाटते? ज्याच्या घरीं तान्हें मूल आहे, अगर ज्याची बायको आजारी असून त्याला दिवस मावळतां घरीं पोंचणें भाग आहे, त्याची लाईन कागदावर तुमची होत असली तरी एक वर्ष ती त्याच्याकडे राहूं द्याल काय? द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांतील पहिल्या मजुरांस ठरल्याप्रमाणें पुरी मजुरी मिळाली. धन्यानें त्यांचा पैहि बुडविला नाहीं. तरी अकराव्या तासाला आलेल्यास तेवढेंच मिळतांना पाहून त्यांचे डोळे दुखले. आपलें पुरें पदरांत असतांना दुसऱ्याचें भलें पाहून झुरणें, हा रोग जुन्या सेवकांसच अधिक जडतो, म्हणून प्रभूनें हा दृष्टांत आपल्या पहिल्या शिष्यांसच सांगितला.

तिसरी गोष्ट धाकट्यांसाठीं आहे. लोटानें काय केलें तें पाहा. चुलत्यानें उदारपणें पुढें केलेला मान त्यानें एका शब्दाचाहि संकोच न करितां घेतला. त्यानें डोळे वर करून यार्देनेकडील सगळा पाणथळ प्रदेश पाहिला, आणि तो सर्वच घेतला. वाटेंत पाणी आहे हें त्यानें पाहिलें. वाटेच्या शेवटीं सदोम आहे हें पाहिलें नाहीं. तरुण मित्रांनो, लाईन निवडण्याची संधि आली म्हणजे केवळ अंतर व पैसा पाहूं नका. जी वाट रोज रात्रीं दारूच्या गुत्त्यापाशीं संपते, अगर जी रविवार कधींच मोकळा ठेवीत नाहीं, ती चार रुपये अधिक देत असली तरी महाग पडते.

आणि ज्यांची लाईन गेली आहे त्यांनीं पुढचा भाग वाचावा. लोट निघून गेल्यावर, चांगली भूमि दुसऱ्याची झाल्यावर, परमेश्वर अब्रामाशीं बोलला. त्यानें त्याला उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा चारहि दिशांस पाहण्यास सांगितलें. लोटानें आपल्या मनानें डोळे वर केले; अब्रामानें देवाच्या आज्ञेनें केले. एकाला एक खोरें मिळालें, दुसऱ्याला वचन मिळालें. याचा अर्थ असा नव्हे कीं, आज लाईन गेली तर उद्यां अधिक चांगली मिळेलच. आम्ही तसें वचन देऊं शकत नाहीं, व शास्त्रहि देत नाहीं. अब्रामाला स्वतःच्या हयातींत त्या देशांत पुरण्याच्या जागेपलीकडे फारसें कांहीं वतन मिळालें नाहीं. परंतु जो देव त्याच्याबरोबर बेथेलांत होता तोच हेब्रोनांतहि होता, आणि तेथें पोंचतांच त्यानें वेदी बांधिली. नवीन वाटेवर पहिल्या दिवशीं गाडी सुरू करण्यापूर्वीं दोन शब्द प्रार्थना करणें, ही आपली वेदी होय. आपल्याच भागांत २००५ व २००६ सालीं चालूं झालेल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या चवथ्या व तिसऱ्या संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण येथील लोकांस आपलीं घरेंदारें सोडावीं लागलीं. त्यांच्यापुढें लाईनीचें दुःख लहान आहे. पण दोन्ही दुःखें पाहणारा देव एकच आहे, व लहान दुःखहि त्याच्यापुढें मांडण्यास लाज वाटूं नये.

आणखी पाहा. पुढच्याच अध्यायांत लोटाला शत्रूंनीं धरून नेलें, तेव्हां अब्राम आपल्या घरचीं ३१८ माणसें घेऊन रातोरात धांवला व त्याला सोडवून आणिलें. ज्यानें आपली चांगली जागा घेतली त्याची गाडी घाटांत बंद पडली तर आपण थांबाल काय? येथें क्षमेची खरी परीक्षा आहे.

चवथी गोष्ट : वाट सोडतांना ती नीट सोंपवावी. कित्येक जण लाईन गेली कीं रागानें तोंड मिटतात. नव्यानें शोधावें, ठेंचा खाव्या, असें म्हणतात. त्यानें नव्या माणसाची शिक्षा होते खरी, पण त्याहून अधिक त्या एकट्या म्हातारीची होते, जिची टाकी आतां दारांतच पडून राहते. मोशेला यार्देनेपलीकडे जावयाचें नव्हतें. तरी त्यानें यहोशवाला सर्व लोकांसमक्ष धीर दिला व त्याच्यावर हात ठेविले. ज्यांची लाईन बदलत आहे त्यांनीं एक दिवस नव्या चालकाच्या शेजारीं बसून जावें, वळणें व मोऱ्या दाखवाव्या, आणि घरोघर सांगावें कीं, आतां हा आमचा भाऊ येईल. पंचायतीच्या ठरावापेक्षां मोठी शांति ह्या एका दिवसानें होईल.

उपदेशक बंधूंनो, हें तुम्हांसहि लागू आहे. तुमचींहि गांवें बदलतात. ज्या पाड्यांवर तुम्हीं मुलांस अक्षरें शिकविलीं व आजाऱ्यांच्या उशाशीं बसलां, तेथें दुसऱ्याला पाठविण्यांत येतें. त्या वेळीं जुन्या गांवचीं गाऱ्हाणीं गुप्तपणें ऐकून नव्याविरुद्ध मन वाढवूं नका. पौलानें लाविलें, अपुल्लोसानें पाणी घातलें, वाढ देवाची. शेत आमचें नव्हे, व वाटहि आमची नव्हे.

म्हणून या आठवड्यांत तीन गोष्टी करा. ज्यानें कोणाची लाईन घेतली असेल, त्यानें त्याच्या घरीं जाऊन भेट घ्यावी. ज्याची गेली असेल, त्यानें वाटेची माहिती सांगावी. आणि जेथें यादी नाहीं, तेथें ती मागण्यासाठीं मंडळींतील वडिलांनीं ख्रिस्ती व अख्रिस्ती अशा सर्व चालकांस एकत्र बसवावें. शेजारी पाहत आहेत. अब्रामाच्या वेळीं कनानी पाहत होते तसेच.

जो प्रभु आपणा सर्वांसाठीं आपलें उच्चपद सोडून आला, तो तुमचें जाणें व येणें ओळखीच्या वाटेवर आणि अनोळखी वाटेवर सांभाळो. आमेन.