चुल्लपंथकाला विहाराबाहेर कोणी काढले?



राजगृहातील एका श्रेष्ठीची मुलगी घरच्या दासाबरोबर निघून गेली. त्यांना दोन मुले वाटेवर झाली, म्हणून त्यांचे नाव पडले पंथक. थोरला महापंथक, धाकटा चुल्लपंथक. पुढे दोघेही भिक्खुसंघात आले. थोरला बुद्धिमान, अर्हतपदाला पोहोचलेला. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने त्याला सांगून टाकले की तुझ्याने हे होणार नाही, घरी जा. संघाला येणाऱ्या भोजनाच्या निमंत्रणांची व्यवस्था त्याच्याचकडे होती. जीवक वैद्याने संघाला जेवायला बोलावले, तेव्हा त्याने धाकट्याला यादीतूनही वगळले.

पहाटे चुल्लपंथक निघाला तर दाराशी स्वतः तथागत. त्यांनी विचारले, तू दीक्षा कोणाकडे घेतलीस? माझ्याकडे ना? मग भावाने घालवले तर माझ्याकडे का आला नाहीस? त्यांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि 'रजोहरणं' एवढेच म्हणत तो चोळायला सांगितले. तुकडा मळत गेला, आणि ज्याला गाथा कळत नव्हती त्याला अनित्यता कळली. अट्ठकथेत पुढे चमत्कार आहे, तो आपल्याला नको. मागच्या जन्मी त्याने एका मंद भिक्खूची थट्टा केली म्हणून तो मंद जन्मला, हेही तिथे लिहिले आहे. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात गतजन्मीच्या कर्माला जागा नाही, तेव्हा तेही सोडून देऊ.

मला विचार करायला लावतो तो महापंथक. तो दुष्ट नव्हता. शिस्तीचा होता, याद्या चोख ठेवणारा होता. शाळेच्या खुर्चीवर बसणारी बहुतेक माणसे अशीच असतात.

त्यांत मीही आलो. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि काही महिने प्रभार माझ्याकडे आला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे आईने त्या दिवशी वस्तीत साखर वाटली. आठवड्याभरात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे होते. परिपाठ संपला आणि रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या शाळेसमोर मी यादी वाचली. आधी नाव, पुढे जात. मी चौथीत असताना माझ्या गुरुजींनी अशीच यादी वाचली होती आणि माझे कान तापले होते, हे मला त्या क्षणी आठवत होते. तरी वाचली. काम लवकर उरकते.

सहावीतली एक मुलगी पुढे आली नाही. आठ महिन्यांपूर्वी तिच्या घराने धम्मदीक्षा घेतली होती. मी आवाज चढवला, "शिष्यवृत्ती नको का तुला?"

ती म्हणाली, "सर, ती जात आम्ही सोडली ना? तुम्हीच होता की तिथं."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कामाचा खाडा करून आले. गवंडीकाम करतात. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "सर, यादी लागते ते मला कळतं. पण मोठ्यानं वाचायलाच लागते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. कागदावर पूर्वीची जात लागते, कारण त्या जातीवर झालेल्या अन्यायासाठी ती सवलत आहे. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. पण तो कागद पालक आणि कार्यालय यांच्यातला आहे. तो मैदानात आणायची गरज मी निर्माण केली होती. मुलगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, पण महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

बाबासाहेबांना लहानपणी शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि नळाला हात लावता येत नसे. शिपाई नसला की पाणी नाही. त्या शाळेलाही कोणीतरी प्रमुख असेलच! तोंडाने शब्दही न काढता तो नळ मोकळा करू शकला असता. वर बसलेल्याने मनावर घेतले तर काय होते ते शाहू महाराजांनी 1919 साली दाखवले. कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांनी ती मुले सरकारी शाळांत सर्वांबरोबर बसवली.

आज कायदा आपल्या बाजूला आहे, पण तो उचलावा लागतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शासनमान्य शाळेत मुलाला धार्मिक पूजेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, हे घटनेच्या 28 व्या कलमात आहे. ते गवंडी गृहस्थ आता आमच्या समितीवर आहेत. पहिल्याच सभेत त्यांनी जनरल रजिस्टर मागितले आणि आपल्या मुलीच्या धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचून पाहिले. तुम्हीही दाखल्याची वाट पाहू नका, आधीच वाचा.

जीवकाच्या घरची गोष्ट राहिली. दानाचे पाणी आणले तेव्हा तथागतांनी पात्रावर हात ठेवला. विहारात अजून कोणी राहिले आहे का, असे विचारले. महापंथक म्हणाला, कोणी नाही. तथागत म्हणाले, आहे. आणि त्याला आणल्यावरच संघ जेवला.

हे सांगायचे कारण असे की यंदा आमच्या पहिलीत फासेपारध्यांचा एक मुलगा आला आहे. घरची बोली वेगळी, मराठी अजून नीट समजत नाही, म्हणून वर्गात गप्प असतो. धम्म ज्याने त्याने आपापल्या बोलीत शिकावा अशी तथागतांनी भिक्खूंना मुभा दिली होती. ते आठवून मी त्याच्या आजीला शाळेत बोलावले आणि तिच्याकडून शंभरएक शब्द लिहून घेतले. आता तो हसतो. पण शुक्रवारी शाळेत खिचडीच्या पंगतीला मुले त्याच्यापासून ताट सरकवून बसलेली दिसली. त्यांतली दोन आपल्या वस्तीतली आहेत, आठवड्याला विहारात पंचशील म्हणणारी.

त्या दोघांच्या घरी मी या रविवारी वंदनेनंतर येणार आहे.