प्रेम करणाऱ्या यंत्राचे देणे

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ए.आय. आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ जून २००१मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा सिनेमास्कोरच्या पाहणीत प्रेक्षकांनी त्याला ‘सी प्लस’ दिला. तिकीट काढून पहिल्या दिवशी येणारा प्रेक्षक मुळात चित्रपटाच्या बाजूचा असतो आणि गुण सढळ हाताने देतो, त्यामुळे ही श्रेणी नापासाच्या जवळची म्हणायला हवी. तक्रारी मात्र एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या. कुणाला चित्रपट रडवेला आणि गुळगुळीत वाटला, कुणाला थंड आणि क्रूर. काहींच्या मते तो समुद्राच्या तळाशीच संपायला हवा होता, तर काहींना त्यापुढची वीस-पंचवीस मिनिटेच खरा चित्रपट वाटली. बीबीसीने २०१६मध्ये जगभरच्या समीक्षकांकडून एकविसाव्या शतकातील शंभर उत्तम चित्रपटांची यादी करून घेतली, तीत तो ८३वा आला. अशा वेळी ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून मोकळे होण्याची सोय असते. पण इथे प्रेक्षक चित्रपटाच्या दर्जाबद्दल भांडत आहेत असे वाटत असले, तरी भांडण दुसऱ्याच गोष्टीचे आहे. चित्रपट एक प्रश्न विचारतो आणि प्रेक्षक वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधत बसतात.

प्रेक्षकांचा प्रश्न सरळ आहे: डेव्हिड नावाचा हा यंत्र-मुलगा खरेच प्रेम करतो की प्रेमाची नक्कल करतो? चित्रपटाचा प्रश्न पहिल्याच प्रसंगात मांडून झालेला असतो. प्रेम करू शकेल असे यंत्र-मूल बनवण्याचा बेत प्राध्यापक हॉबी सहकाऱ्यांना सांगत असतात आणि एक सहकारी स्त्री विचारते की यंत्राने माणसावर खरोखर प्रेम केले, तर त्या माणसाची यंत्राप्रती जबाबदारी काय? हॉबी उत्तर टाळतात. आदमला देवानेही आपल्यावर प्रेम करण्यासाठीच निर्माण केले नव्हते का, असा प्रतिप्रश्न करून ते विषय संपवतात. पुढची जवळजवळ अडीच तासांची कथा म्हणजे त्या टाळलेल्या उत्तराचे परिणाम आहेत.

मोनिका आणि हेन्री स्विंटन यांचा मुलगा मार्टिन असाध्य आजारामुळे गोठवून ठेवलेला आहे. त्याची जागा भरायला डेव्हिड येतो. ठरावीक सात शब्द क्रमाने उच्चारले की त्याचे प्रेम त्या व्यक्तीशी कायमचे जोडले जाते. ते परत सोडवता येत नाही. नकोसा झाला तर कंपनीकडे नेऊन नष्ट करणे एवढाच मार्ग उरतो. मोनिका कागदावरून ते शब्द वाचते तो प्रसंग नीट पाहावा. तोवर डेव्हिडचा चेहरा आज्ञाधारक आणि गुळगुळीत असतो. शब्द संपतात, चेहरा किंचित सैलावतो आणि तो तिला पहिल्यांदाच ‘मम्मी’ म्हणतो. निर्णय तिचा, बंधन त्याचे. पुढे मार्टिन बरा होऊन घरी येतो, दोघांत चुरस लागते, डेव्हिड न पेलणारी पालकाची भाजी खाऊन स्वतःला बिघडवून घेतो, पोहण्याच्या तलावात भेदरून मार्टिनला घट्ट धरतो आणि दोघेही बुडतात. लोक मार्टिनला वर काढतात. डेव्हिड हात पसरलेला तळाशीच राहतो. या घरात दुष्ट कुणीच नाही, मोनिका तर नाहीच. तिला त्याला नष्ट करवत नाही म्हणून ती त्याला जंगलात सोडून देते, आणि बेजबाबदारपणाचे याहून माणुसकीला धरून असलेले रूप पडद्यावर क्वचितच आले असेल.

आता भावुकतेचा आक्षेप. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ब्रायन ऑल्डिस यांच्या १९६९च्या कथेवर अनेक वर्षे काम केले आणि मार्च १९९९मध्ये त्यांचे निधन झाल्यावर स्पीलबर्ग यांनी चित्रपट केला. त्यामुळे समजूत रूढ झाली की काळोखे भाग क्युब्रिकचे आणि गोड शेवट स्पीलबर्गचा. स्पीलबर्ग यांनी पुढे सांगितले की वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. क्युब्रिकसाठी कथेचा आराखडा लिहिणारे इयन वॉटसन यांनीही शेवटचा भाग आपण क्युब्रिकसाठी लिहिला होता तसाच असल्याचे म्हटले आहे. श्रेय कुणाचे हा वाद इथे दुय्यम आहे. महत्त्वाचे हे की ज्या शेवटाला प्रेक्षकांनी गोड म्हटले, तो गोड नाही. समुद्राच्या तळाशी अडकलेला डेव्हिड दोन हजार वर्षांनंतर बर्फाखाली सापडतो, तेव्हा माणूस संपलेला आहे. पुढारलेली यंत्रे (अनेकांनी त्यांना परग्रहवासी समजून आणखी राग धरला) केसांच्या एका बटेपासून मोनिकाला एका दिवसापुरती उभी करतात. त्या दिवशी घरात हेन्री नाही, मार्टिन नाही, मोनिकाला भूतकाळाचा बोध नाही. डेव्हिडला हवी होती तशी, फक्त त्याच्यासाठी असलेली आई मिळते. म्हणजे सुरुवातीला स्विंटन कुटुंबाने जे केले तेच आता त्याच्यासाठी केले गेले आहे: दुसऱ्याची भूक भागवण्यापुरते घडवलेले एक माणूस. हे ज्याला सुखान्त वाटले त्याने डेव्हिडला मूल मानले आणि ज्याला किळसवाणे वाटले त्याने यंत्र. चित्रपट दोघांनाही पुरावा देतो, निकाल देत नाही.

एक आक्षेप अधिक वजनदार आहे. हेली जोएल ऑस्मेंटसारखा हाडामांसाचा गुणी मुलगा यंत्राच्या भूमिकेत उभा केला की प्रेक्षकाची सहानुभूती आयतीच मिळते. मग यंत्राच्या जाणिवेविषयी काय सिद्ध झाले? ही लबाडी आहे, हे मान्य. पण ती चित्रपटाला ठाऊक असलेली लबाडी आहे. हॉबींनी डेव्हिडला आपल्या मृत मुलाचा चेहरा दिलेला असतो. लोकांच्या काळजाला हात घालणारा चेहरा हाच त्यांचा माल आहे. ‘फ्लेश फेअर’च्या प्रसंगात तर चित्रपट प्रेक्षकालाच पडद्यावर आणतो. माणसांची गर्दी यंत्रमानवांचा नाश पाहायला जमलेली असते आणि एकामागून एक यंत्रे संपताना ती आरोळ्या ठोकत असते. नष्ट होणाऱ्यांत मुले सांभाळण्यासाठी बनवलेली, डेव्हिडला धीर देणारी एक यंत्रबाईही असते. डेव्हिडची पाळी येते, तो जिवाच्या आकांताने गयावया करतो आणि तीच गर्दी आयोजकावर उलटते. तिने यंत्रांच्या हक्कांचा विचार केला म्हणून नव्हे, तर मूल रडले म्हणून. चित्रपटगृहात बसलेले आपणही त्याच क्षणी हळहळतो, यंत्रबाईसाठी मात्र नाही. डेव्हिडसोबतच्या टेडी नावाच्या यंत्र-अस्वलाबद्दलही तसेच. या कथेत सर्वांत शहाणपणाने तोच वागतो, केसांची बट तोच जपून ठेवतो, दोन हजार वर्षे तोही बर्फाखाली राहतो. पण त्याचे प्रेम खरे की खोटे हा वाद घालावा असे प्रेक्षकांना सहसा वाटत नाही.

आपल्याकडच्या शंकर-रजनीकांत यांच्या ‘रोबोट’ने (२०१०) असा पेच ठेवला नाही. त्यातल्या चिट्टी या यंत्रमानवाला भावना येतात, तो प्रेमात पडतो, खलनायक होतो, शेवटी स्वतःचे सुटे भाग करतो. कथेनेच निवाडा केल्यावर प्रेक्षकाला शिट्ट्या वाजवायला मोकळीक मिळते. त्यात गैर काही नाही. फक्त तो वेगळा व्यवहार आहे.

विरोधी मताच्या प्रेक्षकांना पेच नको होता म्हणूनच ‘ए.आय.’ आवडला नाही, असे ठरवून टाकणे मात्र आळशीपणाचे ठरेल. ‘ए.आय.’मध्ये दोष आहेत. डेव्हिडच्या प्रवासातला रूज सिटी या शहराचा भाग रेंगाळतो. शेवटी निवेदक आणि भविष्यातली यंत्रे मिळून इतके समजावून सांगतात की प्रसंगांची धार बोथट होते, आणि शेवट गोड असल्याचा गैरसमज पसरवण्यात त्या मऊ निवेदनाचा वाटा मोठा आहे. परंतु दोष दाखवून मतभेदाचा उलगडा होत नाही. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००१मध्ये चारपैकी तीन तारे देताना चित्रपट स्वतःच उभ्या केलेल्या कल्पनांशी पुरता भिडत नाही, अशी तक्रार केली होती. दहा वर्षांनी त्यांनीच त्याला आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत घेतले. डेव्हिडकडे मुलगा म्हणून न पाहता कृत्रिम बुद्धिमत्तेचा पेच म्हणून पाहिल्यावर त्यांना चित्रपट नव्याने उमगला होता. निवेदन तेच होते, रेंगाळणेही तेच.

आज गोड बोलणारी, एकटेपणात सोबत देणारी सॉफ्टवेअर विकली जात आहेत, तेव्हा त्यांना खरेच काही वाटते का यावर चर्चा झडतात. तो प्रश्न मोठा आहे आणि लवकर सुटणारा नाही. पण माया लावणारी वस्तू बनवणाऱ्याने आणि घरी आणणाऱ्याने कशाची हमी द्यायची, हे ठरवायला त्याच्या उत्तरासाठी थांबण्याची गरज नाही. ‘ए.आय.’ हा सलग उत्तम चित्रपट नाही. यंत्रमानवांवरच्या चित्रपटांत हा प्रश्न इतक्या चिकाटीने धरून ठेवणारा दुसरा मात्र मला माहीत नाही.